आधी खाणारा शोधा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या महिन्यात या सदरात एका ओळीचा प्रश्न आला होता, 'ते रिजनरेटिव्ह बिझनेस का काय म्हणतात ते काय असते?' आणि मी पण एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले होते की जंगलासारखा धंदा, म्हणजे जमिनीतून, पाण्यातून जेवढं उचललं त्याहून थोडं जास्तच परत टाकणारा. मला वाटलं संपलं. पण मग पत्रं, मेल, व्हॉट्सॲपवर फोटो, एका भाऊंनी तर सडक्या सालींच्या ढिगाचा व्हिडिओच पाठवला, वास येत नव्हता एवढंच नशीब. त्यातली सहा पत्रं या वेळी घेतेय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त एरिया.

प्रश्न : माझं नागपुरात सक्करदऱ्यात ज्यूस सेंटर आहे. सीझनमध्ये रोज चाळीस-पन्नास किलो संत्रा-मोसंबीच्या साली आणि चोथा निघतो. कचऱ्याची गाडी कधी घेते कधी नाही घेत. मुलगा पुण्याहून एमबीए करून आला, तो म्हणतो बाबा हा कचरा नाही, हा रिसोर्स आहे, निसर्गात वेस्ट नसतेच. मी म्हटलं मग तूच घेऊन जा रिसोर्स. मॅडम, खरंच याचं काही होते का?

होते भाऊ. मुलगा बरोबर बोलला, पण अर्धंच बोलला. निसर्गात वेस्ट नसते कारण तिथं प्रत्येक पडलेल्या गोष्टीला खाणारा कोणीतरी टपून बसलेला असतो, पान पडलं की बुरशी, बुरशीवर किडे, किड्यांवर पक्षी. तुमच्या दुकानामागं तो खाणारा नाहीये म्हणून त्या सालीचा कचरा झालाय. तेव्हा पहिला प्रश्न हाच की ही साल खाणार कोण.

तुमचा प्रश्न संत्र्याचा म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा देश आहे, तिथं ग्वानाकास्ते म्हणून संरक्षित जंगल आहे आणि त्याच्या शेजारीच देल ओरो नावाची संत्र्याचा रस काढणारी कंपनी. डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स हे नवराबायको दोघंही जंगलाचे अभ्यासक, त्यांनी कंपनीशी एक सौदा ठरवला की तुमच्याकडची जंगलाला लागून असलेली जमीन आम्हाला दान करा, आणि बदल्यात तुमच्या साली आमच्या पडीक कुरणावर फुकट आणून टाका. ते कुरण म्हणजे गुरं चारून चारून मेलेली जमीन, नुसतं परदेशी गवत माजलेलं, झाड येऊच द्यायचं नाही असं गवत. १९९८ मध्ये तिथं जवळपास हजार ट्रक, म्हणजे १२ हजार टन साली ओतल्या, फक्त ३ हेक्टरवर! विचार करा काय माशा झाल्या असतील. पण सहा महिन्यांत त्या अळ्या-माश्यांनी आणि बुरशीनं सगळं खाऊन खाली काळी भुसभुशीत माती करून ठेवली, आणि ते गवत सालींखाली गुदमरून मेलं.

मग काय, दुसऱ्या एका ज्यूस कंपनीनं केस टाकली की यांनी नॅशनल पार्क घाण केलं. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, देल ओरोच्या विरोधात निकाल लागला, सगळं बंद, जो तो विसरून गेला. पंधराएक वर्षांनी प्रिन्स्टनचा टिमोथी ट्रॉयर नावाचा एक विद्यार्थी ती जागा बघायला गेला तर त्याला जागाच सापडेना, कारण तिथं लावलेली पाटी झाडांनी गिळून टाकलेली. मग मोजमाप केलं, २०१७ मध्ये पेपर आला, साली टाकलेल्या भागात शेजारच्या न टाकलेल्या भागापेक्षा झाडांचा लाकूडसाठा १७६ टक्के जास्त. रस्त्याच्या एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला अजून तेच खुरटं कुरण.

मला या गोष्टीत काय आवडतं सांगू, कंपनीचे कचरा फेकायचे पैसे वाचले, पार्कला जमीन मिळाली आणि शिवाय जंगल उभं राहिलं, तिघांचं भलं, आणि त्यात मशीन एकही नाही. आवळा देऊन कोहळा काढणारे खूप पाहिले आपण, इथं दोन्ही बाजूंना कोहळाच मिळाला.

पण भाऊ, हे वाचून उद्या कोणाच्या वावरात ट्रक रिकामा करू नका हं. हिशोब केला तर तिथं एकरी सोळाशे टन पडलं होतं, ते मेलेलं कुरण होतं म्हणून चाललं, उभ्या शेतात पिकाचा सत्यानाश होईल. आणि संत्र्याच्या सालीत ते वासाचं तेल असते ना, लिमोनीन, साल दाबली की डोळ्यात चुरचुरते ते, झाड ते किड्यांना हाकलायलाच बनवते. मला हे पुस्तकात वाचून नाही कळलं, मी गॅलरीतल्या गांडुळांच्या टबात हौसेनं आठ-दहा संत्र्यांच्या ताज्या साली टाकल्या होत्या, सकाळी उठून बघते तर अर्धी गांडुळं टबाच्या बाहेर, काही बाथरूमच्या दारापर्यंत पोचलेली. बिचारी जीव घेऊन पळाली. सासूबाई अजून तो विषय काढतात.

म्हणून असं करा. साली चोथ्यासकट आधी गाळून घ्या, पाणी निथळू द्या. मग एक वाटा साली तर दोन-तीन वाटे वाळका पालापाचोळा, आणि थोडं शेण. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं पानं गाळतात आणि मृग बहाराचा संत्रा पण तेव्हाच येतो, दोघांचा मेळ बसतो बघा, आणि तो पाला लोक झाडून जाळतात. ढीग कमरेएवढा करा, आठवड्याला उलटा, आतून हात भाजेल इतका गरम झाला पाहिजे, नाही झाला तर ढीग लहान आहे किंवा पाणी जास्त आहे. अडीच-तीन महिन्यांनी वास गेला की मग हवी तर गांडुळं सोडा. एकट्याच्या चाळीस किलोत तुमची मेहनत निघणार नाही, पण तुमच्या रोडवर अजून तीन-चार ज्यूसवाले असतीलच, त्यांना धरा.

आता खाणारा. कळमन्याच्या बाजारात संत्रा घेऊन येणारे पिकअप परत जाताना रिकामे जातात, तुमचा ओळखीचा एखादा काटोल-नरखेडकडचा शेतकरी असेलच, तयार खत त्याच्या गाडीत टाका, बदल्यात पैसे मागण्यापेक्षा सीझनमध्ये माल दोन रुपये कमी भावानं मागा, तो हसत देईल. फक्त एक लक्षात ठेवा, सडका संत्रा आणि अर्धवट कुजलेलं खत बागेत जाऊ देऊ नका. डिंक्या रोगाची बुरशी खाली पडलेल्या सडक्या फळांतही वाढते, म्हणून बागेतली अशी फळं उचलून लांब टाका असं बागायतदारांना सांगतात आणि आपण नेमकी तीच घाण परत बागेत टाकायची का. पूर्ण कुजलेलंच द्या, आणि पहिल्या वर्षी तुरीत, कपाशीत वापरायला सांगा.

मुलाला सांगा, रिसोर्स तेव्हाच, जेव्हा त्याला न्यायला कोणाची तरी गाडी येते.

प्रश्न : आम्ही सावनेर तालुक्यातल्या अकरा बाया, बचत गट आहे. सोयाबीनचं कुटार गावात ढिगानं असते, काही ढोरं खातात, उरलेलं लोक जाळतात. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की कुटारावर मशरूम लावा आणि उरलेलं परत शेतात, म्हणजे गोल पूर्ण होते. करावं का? घरचे म्हणतात उन्हाळ्यात सगळं मरन.

ताई, घरचे खरं बोलतात, उन्हाळ्यात मरतेच. पण करा.

तुम्हाला ढिंगरी मशरूम सांगितलं असेल, ऑयस्टर. त्याला २० ते २८ अंश पाहिजे आणि हवेत ओल ऐंशीच्या वर. नागपूरचं मे महिन्याचं तापमान तुम्हाला मी काय सांगू. २०२४ च्या मे महिन्यात तर इथल्या एका ऑटोमॅटिक केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, मग कळलं की सेन्सरच बिघडला होता, पण आपल्यापैकी कोणालाही ते खोटं वाटलं नव्हतं हे पण खरं. तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तुमचा खरा सीझन. सोयाबीन निघते ऑक्टोबरात, कुटार ताजं, हवा गार. जंगलातल्या भुईछत्र्या पण पावसाच्या चार दिवसांतच उगवतात, बाराही महिने नाही उगवत, मग आपलाच धंदा बारमाही का पाहिजे.

रीत तुम्हाला शिकवली असेल तरी जिथं बाया चुकतात ते सांगते. कुटार रात्रभर भिजवून मग गरम पाण्यात, उकळतं नको पण हात घालवणार नाही इतकं, तासभर ठेवायचं, नाहीतर हिरवी बुरशी आधी येऊन बसते. नंतर निथळायचं. मुठीत घट्ट दाबलं तर थेंब गळू नये पण तळहात ओला लागला पाहिजे, ही परीक्षा, मीटर-बिटर लागत नाही. पिशवी भरून भोकं पाडून अंधाऱ्या खोलीत पंधरा-वीस दिवस, आतून पांढरं जाळं पसरलं की पिशवी फाडून रोज पाणी शिंपडायचं. एक किलो वाळल्या कुटारावर अर्धा-पाऊण किलो ओलं मशरूम धरून चाला, ट्रेनिंगवाल्यांनी किलोला किलो सांगितलं असेल तर ते त्यांच्या फ्लिपचार्टवर निघते. आणि खोलीत शिरताना तोंडाला रुमाल बांधा, मशरूम जास्त पिकलं की बारीक भुकटी उडते आणि मग खोकला लागतो तो आठ-आठ दिवस जात नाही.

आता उरलेलं कुटार. ही बुरशी लाकडासारखा कडक भाग खाते, त्यामुळं मागं उरलेलं कुटार मऊ पडते, ढोरं खातात आणि पचते पण बरं. हिरवी किंवा काळी पडलेली पिशवी मात्र ढोराला घालू नका, ती सरळ खताच्या खड्ड्यात. म्हणजे बघा, जे जळून धूर होणार होतं त्यातून आधी भाजी निघाली, मग चारा, मग शेण, मग खत. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच.

पण इथंही खाणारा आधी. ताजं मशरूम दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि सावनेरच्या बाजारात किती लोक घेतील ते तुम्हीच जाणता. पहिल्या वर्षी अकरा जणींनी मिळून पन्नासच पिशव्या लावा, दोन हॉटेलवाले आणि एक भाजीवाला आधी बोलून ठेवा. न विकलेलं त्याच दिवशी उन्हात वाळवा, आपल्याकडे ऊन फुकट आहे, वाळलेलं मशरूम महिनोन्महिने टिकते आणि भाव पण बरा येतो.

प्रश्न : मी महालात राहणारा ७४ वर्षांचा माणूस. हे सर्क्युलर, रिजनरेटिव्ह, बायोमिमिक्री (म्हणजे म्हणे निसर्गाची नक्कल) वगैरे वाचून हसू येते. आमच्या घरी हे सगळं होतंच. आपलंच आपल्याला इंग्रजी नावानं परत विकणं चालू आहे, तुम्ही पण त्यात सामील का?

काका, नमस्कार. पन्नास टक्के तुमचं बरोबर, आणि ते पन्नास टक्के मी जोरात मान्य करते.

आपल्या जिनिंगचंच घ्या. शंभर किलो कापूस गेला की साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल, तेल काढून उरलेली ढेप म्हशीला, म्हशीचं दूध घरात आणि शेण परत कपाशीच्या वावरात. हा गोल कोणत्या कन्सल्टंटनं काढून दिला नव्हता. तुमच्या लहानपणी कॉटन मार्केटला बंड्यांची रांग लागत असेल तेव्हा तर परत जाताना त्याच बंडीत ढेप भरून जायची. भंडारा-गोंदियाचे मामा तलाव बघा, कोहळी लोकांनी बांधले, त्यात पाणी धानाला, मासोळी ढिवरांना, आणि उन्हाळ्यात तलावातला गाळ परत शेतात. गाळ काढला की तलाव खोल होतो आणि वावर सुपीक होते, एकाच कुदळीत दोन कामं.

उरलेल्या पन्नास टक्क्यांवर भांडते. आपण ते करत होतो कारण दुसरं काही नव्हतं, युरियाची पिशवी आली तशी आपणच सगळ्यात आधी उकिरडा सोडला. अडाणी होतो म्हणून सोडला असंही नाही, युरियाची बॅग खांद्यावर एक माणूस नेतो, शेणखताला बंडी, बैल आणि चार माणसं लागतात. नवीन लोक जे करू बघतात ते म्हणजे तो जुना गोल आजच्या मजुरीत, आजच्या भावात बसवायचा, आणि ते खरंच अवघड आहे. अमरावतीकडचे नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना, त्यांचं जीवामृत नावाचं पातळ खत लोकांनी उचललं कारण माप सोपं होतं, २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि झाडाखालची मूठभर माती, एका एकराला. नुसतं 'आमच्या आजोबांसारखं करा' म्हटलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. त्यांच्या सगळ्या दाव्यांशी मी सहमत नाही, ते वेगळं.

आणि जुनं सगळंच उचलून आणायचं पण नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पूर्वी बांधावर रचून ठेवायचे, चुलीला सरपण म्हणून वर्षभर पुरायची. आज ती तशी रचून ठेवली तर वाळलेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी आरामात दडून बसते आणि पुढच्या हंगामात पहिली आपल्याच कपाशीवर येते. म्हणून ती यंत्रानं बारीक करून जमिनीत मिसळा किंवा कुजवा असं सांगतात. निसर्गाला परत देताना अळीला पण परत देऊन बसलो तर ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

नावावरून रागावू नका काका. तुमच्या नातवाला 'उकिरडा' म्हटलं तर तो नाक धरतो, 'कंपोस्ट' म्हटलं तर रील बनवतो. बनवू द्या.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचं नमकीनचं छोटं युनिट आहे. एका सेमिनारमध्ये ऐकलं की फॅक्टऱ्या जंगलासारख्या एकमेकांना जोडल्या पाहिजेत, डेन्मार्कच्या एका गावाचं उदाहरण दिलं. आमचं तळलेलं तेल, बटाट्याची सालं, बॉयलरची वाफ हे सगळं वाया जाते. असा प्लॅन कोण बनवून देते?

कोणी नाही देत दादा, आणि तिथं पण कोणी दिला नव्हता. ते गाव म्हणजे कालुंडबोर्ग, आपल्या काटोलपेक्षाही लहान असेल. १९६१ मध्ये तिथल्या रिफायनरीसाठी तलावाचं पाणी आणलं कारण जमिनीतलं पाणी पुरणार नव्हतं. मग १९७२ मध्ये रिफायनरीचा जळून वाया जाणारा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्डच्या कारखान्यानं घेतला. मग वीज केंद्राची वाफ रिफायनरीला आणि इन्सुलिनच्या कारखान्याला, इन्सुलिन बनवताना उरलेलं यीस्ट आजूबाजूच्या डुकरांना, वीज केंद्राच्या धुरातून गंधक काढताना बनणारं जिप्सम परत त्या बोर्डवाल्याला. प्रत्येक वेळी दोनच पार्ट्या बसल्या, भाव ठरला, पाइप टाकला. वीस-पंचवीस वर्षं हे चाललं आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की अरे हे तर जाळंच झालं, तेव्हा त्याला 'इंडस्ट्रियल सिम्बायोसिस' नाव पडलं. छोटं गाव, मॅनेजर लोक एकमेकांना ओळखायचे, हे खरं भांडवल.

सेमिनारवाले पुढचं सांगत नाहीत. तिथल्या वीज केंद्रानं कोळसा सोडून लाकडाच्या चिप्स जाळायला घेतल्या, चांगलंच झालं, पण कोळसा गेला तसं जिप्सम पण गेलं. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल असतो तेव्हा पहिला सुधारला की दुसरा उपाशी. म्हणून एकाच खाणाऱ्यावर अवलंबून राहू नका, आणि एकाच देणाऱ्यावर पण नाही.

लांब कशाला, आपलंच बघा ना. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला जाते, १३० एमएलडीचा प्लांट त्यासाठी उभा राहिला, म्हणजे रोजचं १३ कोटी लिटर. तेवढं धरणाचं पाणी त्या केंद्राला लागत नाही. आपल्या बाथरूमच्या पाण्यावर आपल्याच घरचा पंखा फिरतो, आणि यावर कोणी सेमिनार घेत नाही.

तुमचं तेल पहिलं बघा. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात खराब घटक साठतात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्याला वापरता येत नाही, २०१८ पासून नियम आहे, आणि असं तेल बायोडिझेलवाले पैसे देऊन नेतात. फक्त नोंद असलेला संकलकच घ्या, कारण स्वस्तात नेणारे ते हातगाड्यांना विकतात आणि मग तेच तेल समोशातून तुमच्या-माझ्या पोटात. बटाट्याची सालं शेजारच्या गोठ्याला, पण हिरवी आणि कोंब आलेली वेगळी काढा, विषारी असतात. वाफेचं मात्र लांब नेऊ नका, वाफ वाटेत थंड होते आणि लांबच्या पाइपचा खर्च छोट्या युनिटला झेपत नाही, भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला विचारा, नाहीतर तुमच्याच बॉयलरमध्ये जाणारं पाणी त्यावर गरम करून घ्या. प्लॅन-बिन राहू द्या, या शनिवारी डाव्या-उजव्या दोन्ही शेजाऱ्यांसोबत तर्री पोहे खा आणि विचारा की तुम्ही काय काय फेकता.

प्रश्न : मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, प्रतापनगर. थिसिससाठी वारुळावरून प्रेरित बिना-एसीचं मार्केट नागपुरात डिझाइन करतेय, हरारेच्या ईस्टगेट सेंटरसारखं. गाइड म्हणतात चालणार नाही. का?

बेटा, गाइड बरोबर म्हणतात, पण त्यांनी कारण सांगायला पाहिजे होतं.

ईस्टगेट १९९६ चं, झिंबाब्वेचे आर्किटेक्ट मिक पिअर्स यांचं. कल्पना अशी की वारुळात जशी हवा चिमणीसारखी वर जाते तशी इमारतीत न्यायची, रात्री गार हवा आत खेचून जाड भिंती-स्लॅब थंड करायचे आणि दिवसभर ती थंडी वापरायची. इमारत छान चालते. गंमत अशी की नंतर टर्नर आणि सोअर या दोघा अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की वारूळ तसं चालतच नाही. घरट्याचं तापमान जमिनीच्या तापमानामागं चालते, आणि वरचा तो उंच भाग एसीपेक्षा फुप्फुसासारखा, श्वासासाठी जास्त. म्हणजे वाळवीबद्दलचा समज चुकीचा आणि इमारत बरोबर!

ती चालते कारण हरारे जवळपास दीड हजार मीटर उंचीवर आहे, दिवस कितीही तापला तरी रात्र गार पडते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दोन वाजता गच्चीवर उभं राहून बघ, भिंत गरम, हवा गरम, तीस अंश. रात्रीची थंडीच नसेल तर भिंतीत साठवणार काय? डिसेंबरात तुझं मार्केट मस्त चालेल, पण तेव्हा एसी मागतो कोण.

मग नागपूरच्या निसर्गाकडे बघ ना. इथं मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून पाणी उडालं की गारवा येतो, म्हणून माठ, म्हणून वाळ्याच्या ताट्या, म्हणून घराघरात कूलर. सागाचं झाड नेमकं उन्हाळ्यात पानंच टाकून देते, कडुलिंब मात्र त्याच उन्हात हिरवागार, दोघांच्या दोन तऱ्हा. तुझं मार्केट मे महिन्यात दुपारी बारा ते चार बंद ठेवून संध्याकाळी सहा ते अकरा चालवता येईल का, हा पण डिझाइनचाच भाग आहे. आणि कूलरवाली युक्ती ऑगस्टमध्ये फेल जाते, हवा आधीच ओली असते, तेव्हा नुसता वारा खेळता ठेव. थिसिसमध्ये टर्नर-सोअरचं लिहिशील तर एक्स्टर्नल खूश होतील, नाहीतर ते तुला विचारतील आणि मग अवघड.

प्रश्न : नंदनवनात पोरांच्या रूमवर भाड्यानं कूलर देतो, शंभर-सव्वाशे आहेत. दर वर्षी ताट्या बदलतो, जुन्या फेकतो, पत्रा सडतो तो भंगारात. आमच्यासारख्याला यातलं काही लागू होते का?

भाऊ, तुम्ही आधीच करताय, तुम्हाला कोणी सांगितलं नाही एवढंच. रे अँडरसन नावाचे अमेरिकेतले एक गालिचेवाले होते, त्यांच्या कंपनीनं १९९५ च्या सुमारास ठरवलं की गालिचा विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा, झिजला की आपणच उचलून परत नवा बनवायचा. मोठी बातमी झाली, पण भाड्यानं घेणारे फारसे मिळालेच नाहीत. तुम्हाला मिळतात, कारण तुमचा कूलर भाड्यानं घेणारा पोरगा जून आला की गावाला जातो, त्याला कूलर नकोच असतो, गारवा पाहिजे असतो.

त्याच कंपनीची दुसरी युक्ती मात्र जोरात चालली. जंगलाच्या जमिनीवरची पानं एकसारखी नसतात तरी सगळं मिळून छान दिसते, तसे त्यांनी मुद्दाम वेगवेगळ्या छटांचे चौकोनी तुकडे केले, एक खराब झाला की तेवढाच बदला, रंग जुळवायची भानगड नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की सव्वाशे कूलर दहा मापांचे ठेवू नका, एक-दोन मापांचे करा, म्हणजे पंप, ताटी, जाळी कशाचीही कशाला लागेल. पत्रा आपल्या बोअरच्या खारट पाण्यानं सडतो, पोरांना सांगून ते ऐकणार नाहीत, तेव्हा महिन्यातून एकदा तुमचाच माणूस पाठवून टाकी रिकामी करून घ्या, भाड्यात पन्नास रुपये वाढवून सांगितलं तरी देतील.

आणि ताट्या. लाकडाच्या भुशाच्या असतील तर जून लागला की क्षार झटकून, तार काढून खताच्या ढिगात टाका, कुजायला वेळ लागतो, वर्ष धरा. वाळ्याच्या असतील तर अजून बरं, आणि तुमचं किंवा सासुरवाडीचं वावर असेल तर बांधावर वाळा लावून बघा, मुळं तीन मीटरपर्यंत खाली जातात, बांध फुटत नाही. थोडी मुळं काढून घ्या, बाकी तशीच राहू द्या. सव्वाशे कूलरच्या ताट्या एका बांधातून निघणार नाहीत, पण वीस-पंचवीस निघाल्या तर मला कळवा, आमच्या घरच्या कूलरला पण हव्या आहेत, वास कसला भारी येतो.